सात परस खोल

"वाघमोडे बाई, ह्या वह्यांत जो तो एकटाच बडबडतोय," फौजदार म्हणाले. "हे नाटक आहे का काय आहे?"

टेबलावर तीन वह्या उघड्या पडल्या होत्या. तिन्हींत अक्षर माझं. सकाळची शाळा सुटता सुटता हवालदार मला बोलवायला आला, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाचा तरी खून करून तासावर उभी राहिले होते. शहात्तर सालचा ऑगस्ट होता. आणीबाणी चालू होती आणि आमच्या मोरवडसारख्या गावातसुद्धा माणसं चहा पिताना आवाज खाली आणून बोलत.

"त्यांना नकला म्हणतात, साहेब," मी म्हणाले. तोंडचं पाणी पळालं होतं, पण समोरच्याला काही कळलं नाही म्हटलं की माझ्यातली मास्तरीण जागी होते, तिला मी काय करू? "नटाच्या हातात अख्खं नाटक देत नाहीत. त्याची वाक्यं तेवढी उतरवून द्यायची, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की आपण बोलायचं."

"आणि समोरचा त्याच्या आधी काय बोलला ते?"

"ते त्याच्या वहीत."

फौजदारांनी एक वही उचलली. "हे बघा. 'म्हणून म्हणतो.' त्याच्यापुढं, 'पोरं तहानली आहेत. भांडण मागाहून.' कोण म्हणतो? काय म्हणून म्हणतो?"

"पूर्ण वही मुंबईला गेलीय. प्रयोगाला परवानगी लागते ना, त्यासाठी. दोन्ही प्रती तिकडंच आहेत."

"म्हणजे मोरवडात हे नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली माणसं दोनच. लिहिणारे तोडकर आणि उतरवून घेणाऱ्या तुम्ही."

ते खरंच होतं. तोडकर अण्णा नगरपालिकेच्या जकात नाक्यावर कारकून होते. दिवसभर ट्रक अडवून पावत्या फाडायच्या आणि पावत्यांच्या मागं नाटक लिहायचं, हा त्यांचा धंदा. मी कन्याशाळेत इतिहास शिकवायची, अक्षर बरं होतं, लग्नाचं कुठं जमत नव्हतं, तेव्हा संध्याकाळी नकला उतरवून द्यायची आणि तालमीत प्रॉम्प्टिंग करायची. नाटकाचं नाव 'सात परस'. परस म्हणजे पुरुषभर खोली, विहीर मोजायचं आमच्याकडचं माप. गावाची विहीर आटलीय. सात परस खोल गेली तरी पाणी नाही. तिघं खणतात. मुकादम म्हणतो, प्रश्न बंद, एका हुकमानं खणा. रामा म्हणतो, विहीर आधी सगळ्यांच्या नावावर करा, मग खणतो. आणि सोमा नुसता विचारत राहतो, इथं पाणी आहे हे सांगितलं कुणी? शेवटी गाव त्याला वैतागतं, हात वर करून ठरवतं आणि त्यालाच दोर बांधून विहिरीत सोडतं. तूच बघून ये म्हणतं. आणि दोर सोडून देतं.

"मी तोडकरांना विचारलं," फौजदार म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला होता, तो आला. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. "ते म्हणाले, विहीर खणणाऱ्यांचं नाटक आहे. बास. पुढं एक अक्षर नाही. आता मला वरून विचारतात. मला कागद लागतो. तुम्ही इतिहासाच्या. ही तीन माणसं कुणावरून घेतलीत ते मला लिहून द्या. जुन्या काळातली निघाली तर माझी काही हरकत नाही, खुशाल प्रयोग करा. आजची निघाली, तर तोडकरांना न्यावं लागेल. उद्या अकरापर्यंत."

बाहेर आले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. अहो, सोपंच होतं की! अण्णांनी माझ्याकडून ग्रीसच्या इतिहासाचं पुस्तक नेलं होतं आणि दोन महिने परत दिलं नव्हतं. सोमा म्हणजे सॉक्रेटिस हे मी कधीच ओळखलं होतं. चोवीसशे वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्यावर कोण फौजदार कशाला रागावेल? बाकीचे दोघेही असेच कुणीतरी जुनेपाने विचारवंत असणार. नटांना विचारावं, अण्णांनी त्यांना काही सांगितलं असेल, म्हणून मी तशीच इस्माईलभाईंच्या दुकानात गेले.

इस्माईलभाई मणेर बांगड्या भरत होते. सोमाचं काम त्यांचं. समोरची नवरी मुलगी आयाई गं करत होती, आणि ते तिला, "झालं बेटा, झालं, ही शेवटची," असं म्हणून आणखी दोन चढवत होते. ती गेल्यावर मी विचारलं.

"मला सांगितलंय की अण्णांनी," ते म्हणाले आणि दाराकडं बघून हळू आवाजात बोलायला लागले. "सॉक्रेटिस. ग्रीसचा म्हातारा. बाजारात उभा राहायचा आणि येईल त्याला सवाल विचारायचा. तुला म्हाईत आहे म्हणतोस, मग सांग की. शेवटी जहर पाजलं बिचाऱ्याला. पण बाई, कुणाला बोलू नका हां. अण्णा म्हणाले, बाकीचे रुसतील."

माझी छाती दोन इंच फुगली. आपण बरोबर ओळखलं तर! तिथून मी तांबट गल्लीत शंकर ओतारीकडं गेले. हा रामाचं काम करायचा. हंड्याला ठोके घालता घालताच बोलला.

"रामा ना? अण्णांनी आपल्याला खाजगीत सांगितलंय. सॉक्रेटिस."

"सोमा म्हणायचंय का तुला?"

"सोमा कशाला? रामा. माझं काम." त्यानं हातोडी खाली ठेवली. "अनवाणी फिरायचा तो, बाई. उन्हाळा-हिवाळा एकच वस्त्र. शिकवायचे पैसे घ्यायचा नाही. श्रीमंत आला काय, गरीब आला काय, सगळ्यांना एका पंक्तीला. म्हणून तर रामा म्हणतो, विहीर सगळ्यांची करा. म्हणूनच मारला त्याला. कुणाला सांगू नका, इस्माईलभाईला वाईट वाटेल."

मला वाटलं ह्याचा घोटाळा झालाय. ओतारी तसा धांदरट, दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून बोलून टाकायचा. मी दवाखान्यात गेले. दुपारचा दवाखाना बंद होता आणि गजानन हिंगमिरे मागच्या बाजूला बाटल्या धूत होता. गजानन कंपाउंडर. हा मोठा धिप्पाड गडी, झुबकेदार मिशा, आणि सुई टोचायच्या आधी पेशंटला "माफ करा हं" म्हणायचा. मिशांपायी त्याच्या गळ्यात मुकादम पडला होता.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो," तो म्हणाला. हात पुसून अगदी समोर येऊन उभा राहिला. "लोक म्हणतात मुकादम म्हणजे खलनायक. पण अण्णा म्हणाले, गजानन, हा माणूस वाईट नाही. ग्रीसमध्ये एक म्हातारा होता. त्याला विष पिण्याची शिक्षा झाली. मित्रांनी तुरुंगातून पळायची सगळी सोय केली, पहारेकरीसुद्धा फितवला. हा गेला नाही. म्हणाला, जन्मभर ज्या गावाचा कायदा पाळला, तो आज माझ्या सोयीसाठी मोडू? अण्णा म्हणाले, मुकादम म्हणजे तो." गजाननच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी हे वाढवून सांगत नाही. "आपल्यासारख्याला असा माणूस करायला मिळतोय. मी रोज आंघोळ करूनच नक्कल उघडायचो."

मी तिथल्या बाकावर बसले. कारण तिघांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. प्रश्न विचारायचा, खरं. अनवाणी फिरायचा, खरं. पळून गेला नाही, तेही खरं. माझ्याच पुस्तकात होतं, पान मी काढून दाखवलं असतं. आणि नाटकात तर हे तिघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. मुकादम हात वर करायला सांगतो, रामा दोर धरतो, सोमा खाली जातो. एकच माणूस स्वतःला विहिरीत कसा सोडेल? शेवटचा प्रवेश अण्णांनी तालमीत अजून घेतलाच नव्हता, त्यामुळं दोर कोण सोडतं हे त्या तिघांना माहीतच नव्हतं. ज्याच्या त्याच्या वहीत ज्याचं त्याचं तेवढंच.

मी तरातरा नाक्यावर गेले.

अण्णा बांबूच्या आडव्या दांड्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कांद्याचा ट्रक उभा होता. तो जाईपर्यंत मी दम धरला, मग सुटले.

"अण्णा, तिघांना एकच नाव?"

"कळलं का तुम्हाला?" ते हसले. "मग?"

"मग काय मग? एक मारणारा, एक मरणारा आणि एक दोर धरणारा. तिघंही सॉक्रेटिस कसे?"

"तुम्ही इतिहास शिकवता. त्यातलं खोटं कुठलं ते सांगा."

"खोटं कुठलंच नाही हो, म्हणून तर डोकं फिरलंय माझं! उद्या फौजदारांना काय लिहून देऊ?"

"काही देऊ नका."

"नाही दिलं तर तुम्हाला उचलतील."

"आणि दिलं तर?"

"जुन्या माणसांची नावं दिली तर सोडतील. त्यांनी मला स्वतः सांगितलंय. घरी सिंधूवहिनींना सातवा महिना लागलाय, अण्णा. थोडा विचार करा की."

त्यांनी पावतीपुस्तक बंद केलं. "बाई, त्या बिचाऱ्यांना मी जे सांगितलंय ते त्यांच्याजवळ राहू द्या. आणि फौजदारांना म्हणावं, मला काही कळलं नाही. ते खरंच आहे ना? तुम्हाला काही कळलेलं नाही."

हे मला फार लागलं. तुम्हाला काही कळलेलं नाही! मला, जी त्यांची गिचमिड पावत्यांवरून वाचून सुवाच्य करत होते. घरी जाताना मी रागानं फणफणत होते. अण्णांचं काय, ते लिहून मोकळे. निस्तरायचं मी.

त्या संध्याकाळी मी यादी केली. सोमा म्हणजे सॉक्रेटिस, हे इस्माईलभाईंचं पक्कं धरलं. एकाच माणसाचं नाव तीनदा लिहून दिलं असतं तर फौजदारांना वाटलं असतं बाई चेष्टा करतेय. मग मुकादमापुढं लिहिलं चाणक्य. राज्य, शिस्त, दंड, सगळं चपखल बसत होतं. रामापाशी अडले. विहीर सगळ्यांची करा म्हणणारा तो दाढीवाला जर्मन मनात आला, पण ते नाव पोलीस ठाण्यात न्यायला माझा हात धजेना. शेवटी लिहिलं, 'एक जर्मन प्रोफेसर, मागच्या शतकातले'. खाली प्रत्येकाचा सनावळीसकट दोन ओळी परिचय आणि माझी सही. शाळेचा शिक्का तेवढा मारायचा राहिला होता. इतकी सुरेख यादी मी आयुष्यात पुन्हा केली नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला मी हजर.

फौजदारांनी ती सावकाश वाचली. "छान. हे सॉक्रेटिस, ह्यांचं शेवटी काय झालं?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. वय झालं म्हणून मरण पावले, असं म्हणायला काय जात होतं? पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं हे माझ्या हाडात भिनलेलं.

"त्यांना विष देण्यात आलं."

"कुणी दिलं?"

"अथेन्सच्या लोकांनी. रीतसर खटला चालवून. पाचशे पंच होते. बहुमतानं ठरलं."

"म्हणजे सरकारनंच."

"हो, तसं म्हटलं तर सरकारनंच."

"गुन्हा काय?"

"प्रश्न विचारायचे, साहेब."

ते लिहायला लागले. त्या पेनाचा आवाज ऐकला आणि मला पहिल्यांदा शंका आली. "साहेब, पण हे ग्रीसमधलं आहे. ख्रिस्तपूर्व तीनशे नव्व्याण्णव."

"ते लिहिलंय तुम्ही. आणि नाटकात सोमाचं शेवटी काय होतं?"

मी पदर सारखा केला.

"बाई?"

"विहिरीत सोडतात."

"कोण? हे चाणक्य?"

"ते सांगतात. गाव हात वर करतं."

त्यांनी पेन ठेवलं. आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "चाणक्य पाटण्याचे. सॉक्रेटिस ग्रीसचे. प्रोफेसर जर्मनीचे. काळ तिघांचे तीन. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे तिघं एका विहिरीवर आले कसे? ही विहीर कुठली आहे, बाई?"

उत्तर न येणाऱ्या पोरी वर्गात कशा उभ्या राहतात हे मला माहीत होतं. आपण कधी अशा उभ्या राहू असं वाटलं नव्हतं.

"विहीर काल्पनिक आहे," मी म्हणाले.

"मग माणसंही काल्पनिकच की. तोडकर तेच म्हणत होते. तेवढंच म्हणत राहिले असते तर मी तसं लिहून दिलं असतं. आता तुम्ही म्हणता, वरून एक दिसतं आणि आत दुसरंच कुणीतरी आहे. आणि ते तुम्ही सहीनिशी दिलंय." त्यांनी यादी फायलीत घातली. "या तुम्ही."

अण्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरूनच नेलं. चष्मा टेबलावर राहिला होता, तो जकातीच्या शिपायानं वहिनींना नेऊन दिला. वहिनींना ऑक्टोबरात मुलगी झाली. मी बारशाला गेले, पाळण्याची दोरी ओढली, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मी कुणालाही काही सांगितलं नाही. इस्माईलभाई म्हणत, कुणीतरी चुगली केली असणार, त्याचे हात झडोत. मी त्यांच्याकडून बांगड्या भरून घेत होते तेव्हाच म्हणाले एकदा.

सात महिन्यांनी, मार्चात, अण्णा सुटले. निवडणूक होऊन गेली होती आणि दिल्लीतलं सरकार पडलं होतं. एसटी स्टँडवर बँड. ज्या माणसांनी सात महिने वहिनींच्या घरासमोरून जाताना रस्ता बदलला होता, ती हार घेऊन पुढं. अण्णा आणखी किडकिडीत झाले होते. मी दोन दिवस धीर करत राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं.

"दाखवली मला यादी चौकशीत," अण्णा म्हणाले. मुलगी त्यांच्या मांडीवर होती आणि अजून त्यांना ओळखत नव्हती, सारखी वहिनींकडं झेपावत होती. "अक्षर बघून बरं वाटलं. आत तसं अक्षर नव्हतं कुणाचं."

"शिव्या द्या हो मला, अण्णा."

"तुमचा हेतू चांगला होता."

ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी गेले असते.

म्हणून गावानं 'सात परस'चा प्रयोग करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त धावपळ मी केली. मला वाटलं, चला, सात महिने परत देता येत नाहीत, नाटक तरी देऊ. अण्णा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, करा, पण नट तेच आणि नकलाही त्याच. नकला मी ठाण्यातून सोडवून आणल्या, मुंबईहून पूर्ण वहीही परत आली. शेवटचा प्रवेश त्यांनी फक्त एकदा घेतला, आदल्या दिवशी, हळू आवाजात. तिघंही घरी निघाले. गजानन जाताना म्हणाला, "अण्णा, हात वर करायला मीच सांगायचं?" अण्णा म्हणाले, "पोरं तहानली आहेत म्हणून सांगायचं." त्यानं मान हलवली.

प्रयोग एप्रिलातल्या रविवारी, संध्याकाळी पाचला, आमच्या शाळेच्या मैदानात मातीच्या ओट्यावर. ओट्याच्या मागच्या कडेला विटांचं गोल रचून विहीर केली होती. त्यामागं चार फूट खाली जमीन आणि तिथं कडबा पसरलेला, सोमानं उडी टाकायची म्हणून. मी विंगेत वही घेऊन. अण्णा माझ्या शेजारी स्टुलावर.

पडदा उघडला आणि मुकादम आला. पहिलं वाक्य बोलायच्या आत शिट्ट्या.

"आला रे दिल्लीवाला!"

लोक लोटपोट. गजानन गांगरला. "पोरं तहानली आहेत," तो म्हणाला, आणि पब्लिकनं त्यावरही हुर्यो केली. गावानं परस्परच ठरवून टाकलं होतं कोण कोण आहे ते. मुकादम म्हणजे पडलेलं सरकार. सोमा म्हणजे तोडकर अण्णा. कुणाला यादी लागली नाही. इस्माईलभाईंनी प्रश्न विचारला की टाळ्या. ओतारी विहीर सगळ्यांची म्हणाला की टाळ्या. त्या दोघांची छाती फुगत गेली, आवाज वाढत गेला. गजानन मात्र अंग चोरून बोलायला लागला. नाटक जोरात चाललंय म्हणून मी खूष. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, अण्णांचं फेडलं जातंय.

शेवटचा प्रवेश आला. ओतारीनं दोर सोमाच्या कमरेला बांधला. गजाननचं वाक्य होतं, "ज्यांना पाणी हवं त्यांनी हात वर करा." तो ते बोलला. आणि मैदानातून कुणीतरी ओरडलं,

"मुकादमाला उतरवा!"

मग सगळेच. बायकासुद्धा. पुढं सतरंजीवर बसलेल्या माझ्या वर्गातल्या पोरी टाळ्यांच्या ठेक्यावर. मुकादमाला उतरवा! मुकादमाला उतरवा! ओतारी क्षणभर थांबला. मी पुढचं वाक्य सांगितलं, ते त्यानं ऐकलं नाही. त्यानं इस्माईलभाईंच्या कमरेचा दोर सोडला आणि हसत हसत गजाननच्या अंगावर टाकला. मैदान उठून उभं राहिलं. आणि इस्माईलभाईंनी, सोमानं, दोराचं दुसरं टोक धरून ओढलं.

मी पण हसले. वही खाली घेतली आणि हसले, हे मी आज कबूल करते. चांगली जिरली मुकादमाची, असं मनात आलं. गजाननची, जो सुई टोचताना माफी मागतो त्याची.

त्यांनी त्याला विहिरीवरून ढकललं. पण त्याला उडी कुठं टाकायची हे माहीत नव्हतं, त्यानं ती कधी टाकलीच नव्हती. तो कडब्याच्या बाजूला ठेवलेल्या उरलेल्या विटांवर पडला. आवाज झाला तो मला ऐकू आला. टाळ्यांत बाकी कुणाला आला नसेल.

मी अण्णांकडं पाहिलं. ते स्टुलावरून उठले होते. सुटून आले तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा नव्हता. पडदा पडला आणि आम्ही दोघं मागच्या बाजूला धावलो.

गजानन जमिनीवर बसला होता. ओठ फाटला होता, पुढचा दात हातात होता. मिशांवर रक्त. इस्माईलभाई आणि ओतारी ओट्यावरून वाकून बघत होते, हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं त्यांच्या तोंडावरचं. गजाननला ते दिसलेच नाहीत. त्यानं अण्णांकडं बघितलं.

"अण्णा," तो म्हणाला, "मी तर तो होतो ना? विष प्यायलेला?"

इस्माईलभाई म्हणाले, "तू?" आणि ओतारी म्हणाला, "तू कसा? मी..." आणि दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

अण्णा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. आपल्या नव्या सदऱ्याच्या बाहीनं त्याचा ओठ पुसायला लागले. "हो रे बाबा," ते म्हणाले. "तूच होतास. तुम्ही तिघंही तोच होता. मला तिन्ही माणसं खरी हवी होती. खोटं वागणारा एकही नको होता मला त्या विहिरीवर. लोकांनी घरी जाताना डोकं खाजवत जावं, भली माणसं होती तर हे झालं कसं, एवढंच हवं होतं. आता काय..."

इस्माईलभाई ओट्यावरून खाली उतरले. दोर अजून त्यांच्या हातातच होता. तो त्यांनी लांब फेकला आणि गजाननचे पाय धरले. "माफ कर रे, गजा," एवढंच म्हणत राहिले.

पडद्यापलीकडं लोक ओरडत होते. लेखक! लेखक! बँड सुरू झाला होता. स्वागत समितीचे अध्यक्ष धापा टाकत आले, अण्णा, चला, हार आलेत, आमदार आलेत.

अण्णांनी मान वर केली नाही. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही जा. समजावून सांगा त्यांना."

ते टोचून बोलले की खरंच म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता पंचाहत्तरीतही कळलेलं नाही. मी गेले. ओट्यावर चढले, पडद्याच्या फटीतून पुढं आले. माईक होता. समोर सगळं मोरवड उभं होतं, लाल झालेले चेहरे, इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरी ओरडल्या, बाई, बाई! मग सगळे शांत झाले, कारण बाई आता सांगणार होत्या.

मी माईक धरला. सांगायचं काय? मुकादम चांगला होता म्हणू? मग सात महिने अण्णांना आत ठेवलं ते काय होतं? सोमा निर्दोष म्हणू? त्याच्याच हातात दोर होता, मी पाहिला. मी हसले होते हे सांगू? एकही वाक्य पुरं होईना. मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गासमोर उभी होते आणि मला काही येत नव्हतं.

लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.